सोफ्याची चौकशी

आमच्या मुलीला आमटी आवडत नाही. त्यामुळे डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी तिने आपण होऊन दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी येतंय.

"जॉब एप्रिलमध्ये सुरू होतोय," ती वाटीत बघत म्हणाली. "त्याच्या आधी सात आठवडे मी ब्राझीलला जातेय."

आम्ही शॉमबर्गला राहतो. शिकागोच्या या उपनगरात जानेवारी लागला की ओळखीपाळखीचे सगळे ऊन शोधत कुठे ना कुठे जातात, नाही असं नाही. पण ते कसे? मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलात उतरायचं, मनगटाला हॉटेलची रंगीत पट्टी बांधून घ्यायची, चार दिवस तिथल्या तिथे खायचं आणि पट्टी कापून परत यायचं. मी स्वतः असा दोनदा जाऊन आलोय. दुसऱ्या खेपेला पट्टी कापायची विसरलो आणि सोमवारी तशीच मीटिंगला घेऊन गेलो.

"कुणाबरोबर?" बायकोने विचारलं.

"एकटी."

"आणि राहणार कुठे?"

"लोकांकडे."

मग तिने समजावून सांगितलं. अशी एक वेबसाइट आहे. जगभरातले लोक तिच्यावर लिहून ठेवतात की आमच्याकडे एक सोफा रिकामा आहे, प्रवासी असाल तर दोन-तीन दिवस या. पैसे घेत नाहीत. पाहुण्याने एखादा पदार्थ करून घालायचा, गप्पा मारायच्या, निघताना एकमेकांबद्दल दोन ओळी लिहायच्या. पुढे कधी आपलं घर झालं की आपण कुणाला तरी ठेवून घ्यायचं.

"फुकट?" बायको म्हणाली. "कोण कुणाला फुकट ठेवून घेतं?"

"आई, तुम्ही लोकांनीच नाही का केलं? बाबा नेहमी सांगतो ना ती स्टोरी."

ती स्टोरी मी खरंच नेहमी सांगतो. दिवाळीला सांगतो, गणपतीला सांगतो, नवीन कुणी जेवायला आलं की वरण उकळेपर्यंत सांगतो. मी एमएस करायला या देशात आलो तेव्हा विमानतळावर मला न्यायला जो मुलगा आला होता त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार मराठी मुलांचं अपार्टमेंट. तिथे मी अकरा दिवस कार्पेटवर झोपलो, त्यांच्या हातचा खाली लागलेला भात खाल्ला, आणि त्यांच्यातल्याच एकाचा कोट घालून पहिल्या दिवशी युनिव्हर्सिटीत गेलो. गोष्टीचा शेवट ठरलेला आहे. "आपली माणसं ती! परक्या देशात पहिल्याच रात्री मी घरच्यासारखा ढाराढूर झोपलो." इथे पाहुणे मान डोलावतात आणि बायको "चला, पानं घेतली" म्हणते.

"ती आपली माणसं होती," मी म्हणालो.

"पण तू त्यांना भेटला नव्हतास ना?"

"भेटलो नव्हतो. पण आपली होती."

"हाऊ डिड यू नो?"

"आडनावांवरून."

तिने वाटी खाली ठेवली. "बाबा, दॅट वॉज योर होल सिक्युरिटी सिस्टिम? आडनाव?"

खरं तर तिला ठाऊक नसलेला आणखीही पुरावा माझ्याविरुद्ध होता. माझ्या लहानपणी आम्ही कधी लॉजवर उतरल्याचं मला आठवत नाही. तुळजापूरला जायचं तर आधी सोलापुरात, आत्याच्या नणंदेच्या दिरांकडे. आत्याच्या नणंदेचे दीर आपले कोण, हे कुणी विचारत नसे. सहा माणसं, दोन वळकट्या आणि एक चिठ्ठी असे आम्ही दारात उभे राहायचो, आणि त्या घरच्या काकू चिठ्ठी न वाचताच परातीत आणखी कणीक घ्यायच्या. मी त्यांचा चेहरा विसरलोय. परात आठवते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुलगी गेली. जाण्याआधी आमचा एक तह झाला. ती फोनवरून आपलं ठिकाण आम्हाला दाखवत राहील, नकाशावर तिचा एक निळा ठिपका दिसेल, आणि त्या बदल्यात आम्ही दिवसातून एकदाच फोन करू. बायकोने पाठपिशवीत मेतकुटाची पाच पाकिटं कोंबली. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. मुलगी म्हणाली, "आई, दे डोन्ट एक्स्पेक्ट एनीथिंग." बायको म्हणाली, "अपेक्षा नसते तेव्हाच न्यायचं असतं."

पहिला मुक्काम साल्व्हादोर. तिथले यजमान म्हणजे एक जोडपं, दोघंही नर्स, दोन मांजरं, आणि खिडकीखाली एक हिरवा सोफा. मुलीने फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. उशी स्वच्छ होती. दुसऱ्या फोटोत काळ्या घेवड्याची उसळ, भात आणि भाजलेल्या पिठासारखं काहीतरी. ते म्हणे सगळ्या जेवणावर भुरभुरवतात. तिने मेतकूट काढून दिल्यावर त्या दोघांनी काही न विचारता तेही उसळीवर भुरभुरवलं आणि "अरे, हे तर आमचंच!" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. बायको दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पण दोघंही नर्स, म्हणजे ड्यूटीवर गेले की ही घरात एकटीच ना?"

मी मात्र शांत होतो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. प्रत्यक्षात मी ऑफिसात स्क्रीनच्या कोपऱ्यात ठिपका उघडून बसत होतो. ठिपका बाजारात गेला की मी पाणी पिऊन येई. ठिपका एका जागी थांबला की मी उठून जिन्यापर्यंत फेरी मारी. एका मीटिंगमध्ये मी बोलत असताना ठिपका सरळ समुद्रात शिरला. मी बोलायचा थांबलो आणि खुर्चीतून उठलो. समोरचे म्हणाले, "आर यू ओके?" मी पुन्हा बघितलं. ठिपका मजेत पाण्यावरून पुढे चालला होता. ती फेरीबोटीत होती. मी म्हणालो, "पायाला गोळा आला," आणि उरलेली मीटिंग लंगडत केली.

पुढचं शहर बेलो होरिझोन्ते. चोवीस तासांची बस आणि मग एका बाईंकडे तीन दिवस. बाई पन्नाशीच्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. त्यांची माहिती मुलीनेच पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, "सी? टीचर. रिलॅक्स."

मी रिलॅक्स होण्यासाठी त्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडलं. फोटो हवा होता म्हणून सत्यनारायणाच्या पूजेतला एक फोटो कापून लावला. त्यात मी सोवळ्यात, आणि कडेला बायकोचा अर्धा खांदा. स्वतःबद्दल लिहायच्या चौकटीत "फॅमिली मॅन" एवढं लिहिलं. मग त्या बाईंबद्दल पाहुण्यांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं. जर्मनीचे, चिलीचे, कोरियाचे लोक. सगळे म्हणत होते, फार प्रेमळ, कॉफी उत्तम, म्हातारी आई गोड. एकानेही वाईट लिहिलं नव्हतं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे लग्न जमवताना जुनी माणसं म्हणायची की ज्या स्थळाबद्दल सगळेच चांगलं बोलतात त्या स्थळाची चौकशी जास्त करावी.

मी चौकशी केली. यात विशेष काही केलं असं मला त्या वेळी वाटलं नाही. मुलगी कुणाच्या घरी राहायला जाणार म्हटल्यावर जे विचारायचं ते विचारलं. घर स्वतःचं की भाड्याचं? कितव्या मजल्यावर? घरात पुरुष माणूस कोण? आपण शाळेत किती वाजता जाता, किती वाजता येता? त्या वेळी घरी कोण असतं? आईंना नीट दिसतं-ऐकू येतं का? खोलीला आतून कडी आहे का? असे अकरा प्रश्न झाले. मशीनकडून पोर्तुगीज करून घेतले, शेवटी लिहिलं, "कृपया हे माझ्या मुलीला सांगू नये," आणि पाठवून दिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवलो.

दोन दिवसांनी बुधवार. आदल्या दिवशीपासून इथे बर्फ पडत होता, शाळांना सुट्टी होती, त्यामुळे शाळेच्या लायब्ररीत काम करणारी बायको घरी आणि मीही घरून काम करत होतो. अकराच्या सुमारास फोन वाजला. आमची फोनची वेळ संध्याकाळची. मी उचलला. मागे गाड्यांचे, ताटांचे आवाज. बस कुठेतरी जेवायला थांबली होती.

"बाबा, तू तिला मेसेज केलास?"

"कुणाला?" मी म्हणालो. पकडला गेलेला माणूस वेळ काढायला असंच म्हणतो.

"मी वाचते. ऐक." आणि ती वाचू लागली. बाईंनी तिला लिहिलं होतं: तुझंच आडनाव असलेल्या एका अनोळखी पुरुषाने मला पत्र पाठवलं आहे. मी कितव्या मजल्यावर राहते, घरात पुरुष आहे की नाही, मी घराबाहेर कधी असते, माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला दिसतं-ऐकू येतं का, आणि आमचं दार आतून कसं बंद होतं, हे त्याला जाणून घ्यायचं आहे. आणि हे तुला सांगू नको म्हणतो. मी दोन दिवस विचार केला. आम्ही दोघीच राहतो. मला भीती वाटते. माफ कर, मी तुला ठेवून घेऊ शकत नाही.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यभर मी स्वतःला घाबरणाऱ्या माणसांत धरलंय. कुणी मला घाबरेल, तेही सोवळ्यात, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

"अगं, मी फक्त चौकशी—"

"पाच तासांत बस पोचेल बाबा. संध्याकाळचे सात वाजले असतील तिथे. आय हॅव नोव्हेअर टु गो."

"मी आत्ता हॉटेल बुक करतो."

"कार्निव्हल आहे! मी बघितलं. सगळं फुल आहे."

"मग मी त्या बाईंना समजावून—"

"नो!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मागचे ताटांचे आवाज थांबल्यासारखे वाटले. मग हळू, मराठीत म्हणाली, "बाबा, तू काहीही करू नकोस. प्लीज. एवढं एकच कर."

फोन बंद झाला. पाच मिनिटांत नकाशावरून ठिपका गेला.

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पोरीचं ठरलेलं मोडलंत तुम्ही," आणि आत जाऊन मुलीला फोन लावत बसली. तो लागत नव्हता.

काहीही न करणं मला कुणी शिकवलेलंच नाही. मी जॅकेट चढवलं, फावडं घेतलं आणि बाहेर गेलो. आमच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढला. मग समोरच्या फुटपाथवरचा काढला. मग शेजारच्या आजींचा ड्राइव्ह-वे काढला. त्यांनी त्यासाठी माणूस ठरवलेला आहे. तो आपली गाडी घेऊन आला, मला बघून दोन मिनिटं थांबला आणि मान हलवून निघून गेला. मग मी आमच्याकडे परत आलो तर तिथे पुन्हा पातळ थर बसला होता, तोही काढला. प्रत्येक फावड्याला मी फोन बघत होतो. हातमोज्यातून फोन चालत नाही म्हणून मोजा काढत होतो, घालत होतो. दर खेपेला मनात तीच बसस्टँडवरची बाकं, ती पाठपिशवी, आणि आजूबाजूला कार्निव्हलचे ढोल.

शेवटी बायको स्वेटरवर शाल घेऊन दारात आली. "आत या. त्या शेजारणीचा लॉन उकराल आता. काय विचारलंत ते मला वाचून दाखवा."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी अकरा प्रश्न मराठीत वाचून दाखवले. आपलेच प्रश्न मोठ्याने वाचताना कसे लागतात ते तेव्हा कळलं. एखाद्या चोराने आधी यादी करावी तसे.

बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "माझ्या काकांनी तुमची चौकशी केली होती, आठवतं?"

न आठवायला काय झालं? आमचं ठरायच्या आधी तिचे काका, मी इकडे यायच्या आधी नोकरीच्या पहिल्या वर्षी जेवायचो त्या खाणावळीत जाऊन बसले होते. खाणावळवाल्याने सांगितलं होतं, "पोरगा सरळ आहे, पण ताक फार पितो." हे वाक्य सासरी अजून चालतं.

"पण काकांनी आधी काय केलं होतं? तुमच्या बाबांना चार पानी पत्र पाठवलं होतं. आमच्या घरात कोण काय करतं, कुणाला दमा आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं. मग निघाले चौकशीला. तुम्ही त्या बाईंना स्वतःबद्दल काय सांगितलंत?"

"फोटो होता."

"कुठला?"

मी दाखवला.

"अहो, हा? यात माझा अर्धा खांदा आहे! उघडा माणूस आणि बाईचा तुटका खांदा. मी असते तर पोलिसांत दिलं असतं."

मी म्हणालो, मुलीने काहीही करू नकोस म्हणून सांगितलंय. बायको म्हणाली, बरोबर आहे तिचं, त्यामुळे तिच्यासाठी काही मागायचं नाही. त्या दोघी मायलेकी घाबरल्यात, तेवढं निस्तरायचं. त्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही. आपले अकरा प्रश्न घ्यायचे आणि आपणच उत्तरं द्यायची.

मग आम्ही लिहायला बसलो. घर: कर्जावर घेतलेलं, दुमजली. घरात पुरुष माणूस: एक, मीच, आणि मी कोळ्याला घाबरतो. (हे बायकोने घालायला लावलं.) शाळेत कोण जातं: बायको, सकाळी साडेसातला, लायब्ररीत. नीट दिसतं-ऐकू येतं का: चष्मा दोघांना, ऐकू येतं, पण ऐकत नाही, असं मुलीचं म्हणणं. असं करत शेवटच्या प्रश्नाशी आलो. खोलीला आतून कडी आहे का?

"हा का विचारलात?" बायको म्हणाली.

"सहज."

"सहज कुणी विचारत नाही."

मी बराच वेळ टेबलावरचा मिठाचा डबा फिरवत होतो. सव्वीस वर्षांच्या संसारात जे बायकोला सांगितलं नव्हतं ते मी एका अनोळखी भूगोलाच्या बाईंना लिहू लागलो, आणि बायको खांद्यावरून वाचत होती.

मी लिहिलं की या देशात आलो तेव्हा मीही असाच अनोळखी मुलांच्या घरी उतरलो होतो. चौघांनी मला दार असलेली एकुलती एक खोली दिली आणि स्वतः हॉलमध्ये झोपले. मी आत गेल्यावर माझी सगळ्यात जड बॅग दाराला लावली. पासपोर्ट बनियनमध्ये ठेवला आणि पहाटेपर्यंत जागा राहिलो. सकाळी त्यांच्यातल्या एकाला आतल्या कपाटातला शर्ट हवा होता. त्याने दार ढकललं, ते बॅगेला अडलं. तो बाहेरून काहीच बोलला नाही. मी बॅग सरकवली, त्याने शर्ट घेतला, चहा घेणार का म्हणून विचारलं. त्या संध्याकाळपासून ते चौघंही आपापले दुसऱ्या दिवशीचे कपडे आधीच बाहेर काढून ठेवू लागले. अकरा दिवस. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मी लोकांना सांगतो की मी ढाराढूर झोपलो. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की माझ्या मुलीला बॅग लावायला दार आहे ना.

बायकोने माझ्या हातून फोन घेतला, आम्हा तिघांचा एक अख्खा फोटो जोडला, आणि पाठवून दिलं.

चार वाजले. बस पोचायची वेळ झाली. सव्वाचार. बायकोने भांडी घासायच्या मशीनमधली स्वच्छ भांडी काढून पुन्हा हाताने घासली. मी खिडकीतून बर्फाकडे बघत होतो की आणखी पडतोय का. पडला असता तर बाहेर जाता आलं असतं. चार चाळीसला एकच मेसेज आला, दोघांना मिळून.

"सेफ. स्टेइंग विथ द नर्सेस आन्ट्स ब्रदर-इन-लॉ. डोन्ट."

बायकोने वाचलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे साल्व्हादोरच्या त्या नर्सबाईंच्या मावशीच्या दिरांकडे?"

"हो."

"म्हणजे आपले कोण?"

मी हसायला लागलो आणि ते नीट जमेना. बायकोने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्या शेवटच्या "डोन्ट"पुढे काही नव्हतं, आणि काही असायची गरजही नव्हती.

पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी वर केलेल्या अंगठ्याचं एक चित्र येई, बस्स. फोन नाही, ठिपका नाही. ऑफिसात माझा हात आपोआप नकाशा उघडे. तिथे सबंध ब्राझील दिसे, आपल्या जागी, रिकामा. मी जिन्यापर्यंत जाई आणि परत येई. ती सुखरूप आहे हे मला ठाऊक होतं. ती मला पुन्हा कधी काही सांगेल का, हे ठाऊक नव्हतं, आणि याची चौकशी कुणाकडे करायची हेही कळत नव्हतं.

शनिवारी त्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पाहुणे ठेवायला मन अजून तयार नाही, ते जरा वेळाने होईल. पण तुमच्या मुलीला उद्या कॉफीला बोलावलं आहे. आणि आई विचारते आहे, त्या चार मुलांचं पुढे काय झालं?

मला चौघांपैकी एकाचाच पत्ता ठाऊक होता. तो इथून पाच तासांच्या अंतरावर, ट्रॉयला असतो, गाड्यांच्या कारखान्यात काम करतो, आणि त्यालाही मी किती वर्षांत फोन केला नव्हता. मी ती गोष्ट एवढ्या दिवाळ्यांत सांगितली, पण त्या गोष्टीतली माणसं कुठे गेली ते बघितलं नाही. ऐंशी वर्षांच्या आजींनी अकरा प्रश्नांच्या बदल्यात एकच विचारला आणि मी नापास झालो.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मुलगी रस्त्यावर उभी होती, नाक उन्हाने सोललेलं. बायको आधी ओरडली, "काहीतरी लाव त्या नाकाला!" मुलीने तिकडे लक्ष दिलं नाही.

"बाबा, तू दाराला बॅग लावली होतीस?"

बाईंनी तिला पत्र दाखवलं होतं. म्हणजे हे सगळं पोर्तुगीजमधून फिरून तिच्यापर्यंत गेलं होतं.

"हो," मी म्हणालो.

"यू ऑल्वेज सेड ढाराढूर."

"झोपलो असतो तर ढाराढूरच झोपलो असतो."

ती हसली नाही. मग म्हणाली, "मी पण लावते."

"काय?"

"बॅग. दाराला. एव्हरी फर्स्ट नाइट."

"साल्व्हादोरलासुद्धा?" बायकोने मधेच विचारलं.

"साल्व्हादोरला सोफा हॉलमध्ये होता आई. दार नव्हतं. कॅट्स होत्या. वन ऑफ देम स्लेप्ट ऑन माय फेस."

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

"तू पण नाही सांगितलंस."

हे तिने भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. मग ती म्हणाली, ठिपका मात्र मी चालू करणार नाही. मी म्हणालो, नको करूस. हे म्हणताना मी फार उदार दिसलो असणार, पण टेबलाखाली माझा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलत होता. त्यानंतर ती साओ पावलोला गेली, आणखी कुठे कुठे गेली, आणि जिथे गेली तिथून आपण होऊन फोन केला. कधी रोज, कधी दोन दिवसांआड. ज्या दिवशी करत नसे त्या दिवशी मी ट्रॉयच्या त्या मित्राला फोन करायला शिकलो. तो सुरुवातीला विचारायचा, "काय झालं, सगळं ठीक ना?" आता विचारतो, "आज पोरीचा फोन नाही वाटतं?" बॅगेचं त्याला आठवत होतं. म्हणाला, "यार, आम्हाला वाटलं तुझ्या बॅगेत लोणचं आहे आणि तू ते लपवतोयस."

मार्चअखेर ती परत आली. मेतकुटाची पाकिटं संपली होती. शेवटचं म्हणे तिने भूगोलाच्या बाईंच्या आईला दिलं. घरी चार दिवस राहिली आणि पुन्हा बॅग भरू लागली. नोकरी पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला, तिथल्या घरात दोघी मुली, दोघीही अनोळखी. निघायच्या आदल्या सकाळी चहा होत असताना तिने आपला फोन उघडून माझ्यासमोर सरकवला. त्या घरातल्या एका मुलीशी चाललेलं संभाषण होतं.

"घे. विचार."

"काय विचारू?"

"जे विचारायचंय ते. मी समोर बसलेय. पण आधी तू कोण ते लिही."

मी लिहिलं की मी हिचा बाबा, शॉमबर्गला असतो, कोळ्याला घाबरतो. ओट्याशी उभी असलेली बायको मागे न बघता म्हणाली, "घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारा." मुलीने "आई!" म्हटलं. माझ्या बोटांच्या टोकांवर सगळे अकरा प्रश्न आले होते, आणि एकेक करून मी ते गिळले. शेवटी एवढंच लिहिलं की तिकडे फार पाऊस असतो असं ऐकतो. हिला छत्री न्यायची सवय नाही. दाराशी एखादी जास्तीची ठेवाल का?

उत्तर लगेच आलं. मुलीने वाचलं आणि हसत फोन माझ्याकडे फिरवला. तिकडे छत्री कुणीच वापरत नाही म्हणे.

"म्हणजे भिजणार," मी म्हणालो आणि उठून बाहेर ड्राइव्ह-वेवर गेलो. बर्फ केव्हाच वितळला होता. फावडं तसंच भिंतीला टेकून उभं होतं. मी ते उचलून गॅरेजमध्ये ठेवलं, मग जागा बरोबर वाटली नाही म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं.